उंदराचं औषध

दुकानात जाऊन ‘उंदरासाठी विष द्या’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण औषध मागतो. झुरळाचं औषध, ढेकणाचं औषध, वाळवीचं औषध. जणू काही झुरळाला दोन दिवस बरं नाहीये आणि आपण काळजीपोटी निघालोय. शेतात फवारायचं ते औषधच, आणि तेच एखादा माणूस प्यायला तरी गावात दबक्या आवाजात ‘त्यानं औषध घेतलं’ एवढंच म्हणतात.

गेल्या भाद्रपदात आमच्याकडे उंदीर झाला. आधी तांदळाच्या पिशवीला कोपऱ्यात भोक दिसलं, मग ओट्यावर काळ्या जिऱ्यासारख्या लेंड्या. सासूबाई म्हणाल्या, “मामा आलेत.” पण गणपती दोन दिवसांवर. देवाच्या पायाशी मातीचा उंदीर बसवायचा आणि फ्रिजमागच्या खऱ्याला मारायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. गौरीगणपती जाईपर्यंत त्याला अभय मिळालं. त्यानं त्या दिवसांत देव्हाऱ्यातल्या तुपाच्या वाती पळवल्या, तरी सासूबाई म्हणाल्या, “नेऊ दे बिचाऱ्याला, सणाचं.” विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्याच म्हणाल्या, “आता त्याचं काहीतरी बघा.”

काहीतरी बघा. मारा असं कुणीही म्हणालं नाही.

माझ्या लहानपणी घरात पिंजरा होता. बाबा त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा अडकवायचे, आणि सकाळी उंदीर सापडला की पिंजरा टॉवेलखाली झाकून ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचे. आपल्या हातून जीव गेला नाही म्हणून ते दिवसभर खुशीत असत. ओढ्यापलीकडेही माणसंच राहत होती, आणि त्यांच्याकडेही पिंजरे असणार, हे मला बऱ्याच वर्षांनी सुचलं. आमच्याकडचे उंदीर कधीच का संपले नाहीत, त्याचाही उलगडा तेव्हाच झाला.

तर मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “केक देऊ का? खातो आणि बाहेर जाऊन मरतो.” औषधाच्या वर आता केक! आणि ते ‘बाहेर जाऊन’ किती सोयीचं. खरं तर या केकमधल्या द्रव्यानं रक्त गोठायचं थांबतं, आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि मरायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत उंदीर कुठे जाऊन पडतो, हे उंदीर ठरवतो, दुकानदार नाही.

गंमत म्हणजे ‘औषध’ हा शब्द इथे अगदीच खोटा नाही. वॉरफरिन हे याच जातीचं जुनं द्रव्य. १९४८ साली अमेरिकेत ते उंदीर मारायला म्हणून बाजारात आलं, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर तिथले अध्यक्ष आयसेनहॉवर यांना तेच दिलं गेलं. माझ्या बाबांची झडप बदलल्यापासून तेही रोज संध्याकाळी हीच गोळी घेतात. मी हे त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी गोळीकडे जरा वेळ पाहिलं, गिळली, आणि म्हणाले, “पिंजरा बरा.”

केक मी घेतला नाही. दया आली म्हणून नव्हे, फ्रिजमागे मेला तर वास येईल म्हणून. चिकट पुठ्ठा घेतला. नवऱ्यानं वरचा कागद सोलून दिला, मी मधोमध फरसाणाचा कण ठेवला आणि सिलिंडरजवळ सरकवला.

रात्री दीडला खसखस ऐकू आली. दिवा लावला. चारही पाय आणि एका बाजूचा गाल चिकटलेला, शेपटी तेवढी मोकळी. पोटाचा भाता इतका भराभर चाललेला की पुठ्ठाही हलत होता. मी पहिलं काम काय केलं असेल, तर त्यावर रविवारची पुरवणी पांघरली. मग अंथरुणात पडून कारणं गोळा करायला लागले. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला, पुढच्या वर्षी पुण्यात माणसं घरंदारं सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. उंदरांमुळेच ना? माझ्या उंदरानं दोन वाट्या तांदूळ सांडले होते, पण मी त्याच्यावर पुण्याची साथ लावून मोकळी झाले. शिवाय त्याला या म्हणून सांगितलं होतं कुणी? आणि लोक तर शेपटीला धरून आपटतात, आम्ही निदान तसं नाही करत. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं माणूस आपल्या विवेकाला कसा झोपवतो यावर बरंच लिहिलंय. गोड नाव द्यायचं, त्याहून वाईट काहीतरी शेजारी ठेवायचं, दोष समोरच्यावरच टाकायचा, हे सगळं त्यात आहे. त्यासाठी फार लांब जायला नको होतं. आमच्या स्वयंपाकघरात एका रात्रीत सगळं मिळालं असतं.

सकाळी पुठ्ठ्याभोवती आम्ही तिघं. सासूबाई म्हणाल्या, “मी आपलं उंदीर झालाय एवढंच म्हटलं होतं.” नवरा म्हणाला, “मी फक्त कागद काढला.” मुलगी दात घासत आली, फेसाच्या तोंडानं म्हणाली, “ठेवला आईनं.” वाल्या कोळ्याचीच गत. त्यानं निदान घरी जाऊन विचारलं तरी होतं, पापात वाटा घ्याल का म्हणून. माझं विचारायच्या आधीच उत्तर आलं.

मी पुठ्ठा पुरवणीसकट पिशवीत घातला, वर गाठ मारली आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंपुढे धरला.

“ओला का सुका?”

“सुका,” मी म्हणाले.

पिशवी त्यांच्या हातात हलली. त्यांनी गाठ सोडून आत पाहिलं. “वहिनी, जीव हाय ह्याच्यात.”

“सासूबाईंना फार त्रास व्हायचा हो त्याचा,” मी म्हणाले. हे वाक्य कुठून आलं, देव जाणे.

“गाडीत दाबला जातोय मग,” त्या म्हणाल्या. रागावलेल्या वगैरे नव्हत्या, पुढच्या मजल्याची घाई होती. “तेल सोडलं की सुटतंय. आणा जरासं.”

मी आत आले. ओट्यावर गोडेतेलाची नवी पिशवी होती, नुकतीच कापलेली. तिच्याकडे हात गेला, मग कोपऱ्यातली कढई दिसली. तळणीचं उरलेलं तेल गाळून वाटीत घेतलं. चांगलं कशाला, म्हटलं.