फ्रीटाउन, मे महिना: रात्रीची खाडी नको

मी चिपळूणची. पाऊस मला कुणी शिकवायचा नाही, असं माझं ठाम मत होतं. विमानतळाचं गाव लुंगी आणि फ्रीटाउन शहरातलं ॲबरडीन यांच्या मधल्या पाण्यात ते भिजून गळून पडलं.

"मेमध्ये ये गं, पाऊस कसला, संध्याकाळी चार थेंब," दादा फोनवर म्हणाला होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. सहा वर्षं फ्रीटाउनमध्ये नोकरीला आहे, म्हणून विश्वास ठेवला. नंतर लक्षात आलं की सहाही वर्षं मे महिन्यात साहेब आंबे खायला घरी आलेले असतात.

आधी भूगोल, कारण सगळं त्यावरच अडतं. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन डोंगराळ द्वीपकल्पावर आहे आणि विमानतळ लुंगीला, खाडीच्या पलीकडे. मध्ये पूल नाही. रस्त्याने वळसा घालायचा तर तीन-चार तास जातात. त्यामुळे बहुतेक लोक स्पीडबोट घेतात. अर्धा-पाऊण तास लागतो, भाडं डॉलरमध्ये, मी पंचेचाळीस दिले. विमानतळाची सुरक्षा फी वेगळी, येताना पंचवीस डॉलर आणि जाताना पंचवीस. ती निघण्याआधीच ऑनलाइन भरून पावती छापून न्या. माझ्यापुढच्या माणसाने भरली नव्हती. काउंटरवर तो ज्या तऱ्हेने फोनचं नेट शोधत होता, ते बघवत नव्हतं.

२०२३ मध्ये सुरू झालेली नवी इमारत चकचकीत आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दाराबाहेरची. एकाने बॅग हातातून जवळजवळ ओढून घेतली, दुसरा "चेंज, चेंज" करत चिकटला. दमले होते, शंभर डॉलर बदलले. सगळ्यात मोठी नोट वीस लिओनची आणि डॉलरला बावीस-तेवीसचा भाव, म्हणजे शंभरावर नोटांचं पुडकं हातात येतं. ते उभ्याने, अंधारात कोण मोजतंय? मी नाही मोजलं. हॉटेलवर मोजलं तेव्हा अकरा नोटा कमी. आकडा फार मोठा नाही, दहा डॉलरही नाहीत, पण चार दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. पैसे शहरात बदला. मोजून घ्या. तो "घाई करा, बोट सुटेल" म्हणेल, त्याच्यासमोरच मोजा.

दुसरा घोळ हजारांचा. २०२२ मध्ये त्यांनी चलनातली तीन शून्यं काढली, तोंडातली काढली नाहीत. केकेवाला (केके म्हणजे आपली रिक्षा) "ट्वेंटी थाउजंड" म्हणाला की वीसची एक नोट द्यायची. मी पहिल्या दिवशी घाबरून उतरायलाच निघाले होते. तिथल्या क्रिओ भाषेत "ओमॉस?" म्हणजे किती. बसण्याआधी विचारा आणि आकडा बोटांवर दाखवायला लावा.

आता बोट. विमान संध्याकाळी उतरलं, सामान मिळेपर्यंत अंधार. मिनीबसने धक्क्यावर नेलं, बॅगांना बिल्ले लावून त्या वेगळ्या घेतल्या, आम्हाला नारिंगी लाइफ जॅकेटं दिली. बोटीला छप्पर, बाजूंना गुंडाळलेले प्लॅस्टिकचे पडदे. हवा अशी की पान हलत नव्हतं, ब्लाउज पाठीला चिकटलेला. मी समुद्राच्या बाजूला बसले, तिकडे लक्ष ठेवायला, कारण पाऊस येणार तो नैर्ऋत्येकडून, हे डोक्यात पक्कं. समुद्राकडे स्वच्छ चांदण्या. म्हटलं, दादा बरोबर बोलला.

पाऊस आला तो डावीकडून, आतून, जमिनीवरून. आधी वीज दिसली, आवाज नाही. मग चांदण्या एका सरळ रेषेत विझत गेल्या, कुणीतरी घोंगडं ओढावं तशा. मग गार वारा, इतका गार की दोन सेकंद बरं वाटलं. आणि मग पाणी. खालचं, वरचं आणि आडवं, एकदम. पोऱ्याने पडदे सोडले, त्यातला माझ्या बाजूचा एक फाटका निघाला. इंजिन हळू केलं तेव्हा बोट लाटेवर चढून फळी आपटावी तशी खाली पडायची. प्रत्येक आपटीला मणके मोजता येत होते. शेजारच्या बाईने एका हाताने मुलाला आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं. "गॉड डे, गॉड डे," एवढंच म्हणत होती. क्रिओत याचा अर्थ देव आहे. मी रामरक्षा सुरू केली आणि तिसऱ्या श्लोकावर अडकले.

मे महिन्यातला तिथला पाऊस हा मान्सूनच्या संततधारेचा नसतो. वादळांची रांगच्या रांग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते, ती दुपारनंतर किंवा रात्री येऊन थडकते आणि तासा-दोन तासांत समुद्रात निघून जाते. सलग धुवाधार पाऊस जुलै-ऑगस्टचा. आपला वळीव तरी कुठून येतो? घाटाकडूनच की! चिपळूणच्या बाईला हे तिथे बसून आठवलं, हीच मोठी लाज.

म्हणून स्पष्ट सांगते. मे-जूनमध्ये विमान संध्याकाळी उतरत असेल तर रात्री लुंगीच्या बाजूलाच मुक्काम करा आणि सकाळी पार व्हा. खोली साधी मिळेल, मिळू द्या. सकाळी पाणी बहुधा शांत असतं. पासपोर्ट, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड आणि औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अंगावर ठेवा. माझं कार्ड ओलं झालं आणि शाई पसरली. परत येताना मुंबईत ते दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, त्याआधी कार्ड लागू होत नाही. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, पाऊस सुरू झाला की डास सुरू.

लुंगीच्या बाजूच्या टागरिनहून फ्रीटाउनच्या किस्सीला मोठी फेरीबोटही जाते. स्वस्त आहे, हलते कमी. पण ती शहराच्या पूर्व टोकाला सोडते आणि तिथून ॲबरडीनपर्यंतचा ट्रॅफिक म्हणजे शिक्षा. वेळ असेल तरच.

शहरात चालताना एकच नियम: पाणी साचलं असेल तिथे स्थानिक माणूस जिथे पाय टाकतो तिथेच आपला टाका. गटारं खोल आणि उघडी, पाण्याखाली दिसत नाहीत. छत्री आणू नका, उलटी होते. मधोमध ते प्रसिद्ध कॉटन ट्री होतं, गुलामीतून सुटून आलेल्यांनी १७९२ मध्ये गाव वसवलं तेव्हाही ते उभं होतं म्हणतात. २०२३ च्या २४ मे रोजी अशाच एका वादळात ते कोसळलं. बुंधा बघून मला बोट आठवली. वर रीजेंटच्या बाजूला डोंगराची लाल जखम दिसते. १४ ऑगस्ट २०१७ ला तिथे दरड आली आणि हजारावर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. टॅक्सीवाला तिथे आपण होऊन रेडिओ बंद करतो. मी काही विचारलं नाही. टाकुगामाचं चिंपांझी अभयारण्य त्याच डोंगरात आहे, पण फोन करूनच जा. २०२५ च्या मे अखेरीस जंगलतोडीच्या निषेधार्थ त्यांनी पर्यटकांना दार बंद केलं होतं.

शाकाहारी असाल तर कसाव्याच्या पाल्याची भाजी बघून अळूच्या फदफद्याची आठवण येईल. हुरळू नका, त्यात सुकी मासळी असते. तळलेली केळी, भाजलेले शेंगदाणे आणि लेबनीज हॉटेलातलं हमस यावर माझे नऊ दिवस निघाले. आंबेही होते रस्तोरस्ती. रेषाळ. हापूसच्या सीझनला घर सोडून गेलेल्या बाईने त्याबद्दल बोलू नये.

रिव्हर नंबर टू आणि टोके या किनाऱ्यांवर तीन दिवस काढले. वाळू पांढरी, माणसं चांगली, सांगण्यासारखं काही घडलं नाही. जा.

परतताना सकाळी सातची बोट घेतली. खाडी तव्यासारखी सपाट, मागे डोंगरावर ढग नुसते टेकलेले. पेद्रो दे सिंत्रा या पोर्तुगीज दर्यावर्दीने १४६२ मध्ये या डोंगरांना सिंहाचं नाव दिलं, ते म्हणे गडगडाटामुळेही असेल. मला पटतं. पंचवीस मिनिटांत पलीकडे, केससुद्धा विस्कटला नाही. इतका राग आला!

दादाच्या आईने दिलेली बर्फी बोटीतच भिजून गेली, ती कहाणी तिला अजून सांगितलेली नाही. माझ्याकडे वीस लिओनच्या सात नोटा उरल्यात, देशाबाहेर त्या कुणी घेत नाही. कुणी जात असाल तर घेऊन जा. पण मोजून घ्या.