जीव घाबरा होतोय

"बाई, पोरीला आम्ही नर्सिंगला घातलंय. तिला डॉक्टरकीच्या पोरांत कशाला बसवायलाय तुम्ही?" मी बेळगावात नर्सिंग शिकवते, आणि बाळंतपणानंतर रक्त जाऊ लागलं तर काय करायचं याचा सराव या सगळ्या मुलांना एकत्र बसवून घेते. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे पालक मला हे दरवर्षी विचारतात. डॉक्टर होऊ घातलेली मुलंही विचारतात: परीक्षा तोंडावर आलीय, नर्सिंगच्या आणि लॅबच्या मुलांबरोबर ही सरावाची दुपार कशासाठी? म्हणून सांगते. सुरुवात मात्र एका जुन्या रात्रीपासून करावी लागेल.

तेव्हा मी बेळगावातल्याच एका रुग्णालयात, लेबर रूममध्ये स्टाफ नर्स होते. पावसाळ्याचे दिवस. जांबोटीच्या पुढच्या एका वाडीतली पहिलटकरीण रात्री बाळंत झाली. बाळ रडलं, वार पडली, टाके झाले. अर्ध्या तासानं ती ड्यूटीवरच्या सिस्टरला म्हणाली, "सिस्टर, जीव घाबरा होतोय." सिस्टर बैलहोंगलकडची, मराठी जेमतेम समजणारी. डॉक्टर केरळचे, नुकतेच आलेले. तिथल्याच कुणीतरी कन्नडमध्ये सांगितलं, "अंजिके आगतदंत." तिला भीती वाटतेय म्हणे. पहिलं बाळंतपण, एकटी पोर, भीती वाटणारच. सिस्टरनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, धीर दिला. डॉक्टरांनी बीपी विचारलं. ११० वर ७०. ठीक आहे म्हणाले.

जीव घाबरा होणं म्हणजे भीती नव्हे, हे मराठी माणसाला सांगायला नको. आतून खालावल्यासारखं होतं, छाती धडधडते, घाम सुटतो, त्याला आपल्याकडच्या बायका हा शब्द वापरतात. रक्त जात असलेल्या बाईच्या तोंडी तो आला तर धावायचं असतं.

तो शब्द तिथं एका बाईला समजला होता. वडगावच्या आमच्या मावशी, फरशी पुसणाऱ्या. बाळंतिणीची भिजलेली कापडं दोनदा त्यांनीच बदलून बादलीत टाकली होती. आणि नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीनं तक्त्यावर नाडी लिहून ठेवली होती, ११८. तरण्या बाईचं रक्त जाऊ लागलं की आधी नाडी पळते. बीपी बराच वेळ तग धरून राहतं आणि मग एकदम कोसळतं. पण डॉक्टरांनी नाडी विचारली नाही, म्हणून ती मुलगी बोलली नाही. मावशी तर बोलणारच कुणाशी? मी शेजारच्या टेबलावरचं बाळंतपण उरकून निघाले, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली आणि हळूच म्हणाल्या, "बाई, ती भ्यालेली न्हाई. तिला आतनं सुटायलंय."

मी पोटावर हात ठेवला. गर्भाची पिशवी आवळलेली नव्हती, मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली. पांघरूण काढलं तर खाली थारोळं.

ती वाचली. चार बाटल्या रक्त लागलं आणि पहाटे तिची पिशवी काढावी लागली. वय एकवीस.

त्या खोलीत ज्ञान कमी नव्हतं. डॉक्टर हुशार होते, सिस्टर प्रेमळ होती. बाईचा शब्द एकीला कळला होता, नाडी दुसरीला ठाऊक होती, आणि औषध लिहिण्याचा अधिकार तिसऱ्याकडे होता. दिवस भरलेल्या पिशवीला मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त पुरवलं जातं. एवढ्या वेगापुढं मावशींच्या संकोचाची ती दहा मिनिटं फार महाग पडली. मावशींना मी कधीच दोष दिला नाही. त्यांनी बोलावं असं त्यांना आम्ही तोवर कधी सांगितलंच नव्हतं.

याच जिल्ह्यात याच्या नेमकं उलट काम झालेलं आहे, आणि ते इथल्या माणसांनाच फारसं माहीत नाही याची मला चुटपूट लागते. २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागानं बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बाळंतपण झाल्या झाल्या गावातल्या एएनएम ताईंनी, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकांनी, निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे पिशवी आवळणाऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या. डॉक्टर जवळ नव्हते. अतिरक्तस्राव, म्हणजे ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं, १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. त्याच कामासाठी बाळंतिणीच्या अंगाखाली घालायची एक प्लॅस्टिकची चादर तयार केली होती. तिच्या टोकाच्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. ती वापरून पाहिल्यावर कळलं, की डोळ्यांनी बांधलेला अंदाज मोजमापापेक्षा सरासरी एक तृतीयांश कमी भरतो.

मला त्या रेघा फार मोलाच्या वाटतात. अंदाजावर कारभार असतो तेव्हा ज्याचा हुद्दा मोठा त्याचा अंदाज खरा धरला जातो. रेघेवर ५०० दिसलं की वाद मिटतो. मावशींनी वाचलं काय नि प्राध्यापकांनी वाचलं काय, पाचशे ते पाचशेच. पुढं अशाच चादरीला ठरलेल्या उपचारांची जोड देऊन केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथल्या ८० रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर. त्यातली औषधं जुनीच होती. लवकर ओळखणं आणि सगळं एकदम सुरू करणं, एवढंच नवं.

हे 'एकदम' आयत्या वेळी जमत नाही, म्हणून ती दुपार. बाळंतिणीचा पुतळा टेबलावर, चादरीच्या पिशवीत लाल पाणी. भोवती एमबीबीएसची दोन मुलं, नर्सिंगच्या तीन मुली, लॅबचा एक, आणि वॉर्डातल्या खऱ्या मावशी. मी भूमिका मुद्दाम फिरवते. डॉक्टर होणाऱ्याला रक्तपेढीकडे पळायला लावते, नर्सिंगची मुलगी हुकूम देते. हुकूम हवेत सोडायचा नाही, नाव घेऊन द्यायचा. "ऑक्सिटोसिन १० युनिट" (हेही पिशवी आवळणारं औषध) असं ऐकणाऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायचं, आणि दिल्यावर "दिलं" असं वेळेसकट सांगायचं. पहिल्या दोन खेपांना मुली पुटपुटतात. तिसऱ्या खेपेला आवाज निघतो.

एकदा लॅबच्या मुलानं रक्ताचा नमुना परत पाठवला, बाटलीवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक नव्हता म्हणून. पळत गेलेला मुलगा चिडला: बाई मरायला टेकलीय आणि तू कागद बघतोस? लॅबवाला शांतपणे म्हणाला, "आत्ता तुमच्या वॉर्डात पाटील किती आहेत ते सांग." चार होत्या. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर रक्तस्रावाआधी तेच तिचा जीव घेईल, हे त्या मुलानं पुस्तकात वाचलेलं होतं. कुणाकडून तरी तोंडावर ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

अडचणी आहेत. दोन कॉलेजांची वेळापत्रकं जुळत नाहीत, आणि २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात डॉक्टर हा आरोग्यपथकाचा नेता तसाच सदस्यही असावा असं लिहिलेलं असलं तरी मुलांचं लक्ष परीक्षेकडंच असतं. काही सहकाऱ्यांना वाटतं, यानं डॉक्टरांचा मान कमी होतो. मला तसं दिसलेलं नाही. शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच आणि जबाबदारीही त्यांचीच. पण निर्णयाला लागणारी माहिती त्यांच्यापर्यंत पोचवणं हे सगळ्यांचं काम आहे, आणि ती मागून घेणं हे त्यांचं.

भाषेचा नियम आम्ही त्या रात्रीवरून केला. बाई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहायचं, अर्थ नंतर विचारायचा. गेल्या महिन्यात गोकाकच्या एका विद्यार्थिनीचा तक्ता पाहिला. मराठी तिला येत नाही. तिनं कन्नड लिपीत अक्षर न अक्षर उतरवलं होतं, 'जीव घाबरा होतोय', आणि पुढं नाडी, १०४. खाली डॉक्टरांची सही होती, तीन मिनिटांनंतरची. आणि चादर पाहायला मावशींना हाक मारल्याची नोंद.