प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इग्निशनचा कंडेन्सर ओरिजनल घ्यावा की लोकल?

बाबांची पद्मिनी ताम्हिणीत बंद पडली, गरम झाली की मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळणार, आणि थंड झाली की परत चालू, मला वाटलं इग्निशन कॉइलच गेली, पण डेल्कोचं (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढलं तर आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे काँटॅक्ट, निळेकाळे पडलेले नि एकावर बारीक टेंगूळ, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर गेलेला. दोन महिन्यांपूर्वीच घेतला होता हो, लोकल! प्लग आणि वायरी चांगल्या आफ्टरमार्केट कंपनीच्या मी बिनधास्त टाकते. कंडेन्सरचं मात्र तसं नाही. आणि या गाडीसाठी ओरिजनल म्हणजे वीसेक वर्षं डब्यात पडलेला माल, तोही आतून खराब झालेला असू शकतो, म्हणून आता मल्टीमीटरवर कपॅसिटन्स साधारण 0.2 मायक्रोफॅरड दाखवल्याशिवाय पैसेच देत नाही. काढलेला जुना चालू असेल तर तो डिकीत ठेवतेच.