आवाज थोडा हळू कराल का?

"तुमच्या त्या पर्सोनांमध्ये माझ्यासारखं कोणी आहे का हो?"

आमच्या अ‍ॅपच्या टेस्टिंगला आलेल्या बाईंनी खुर्चीत बसता बसताच हे विचारलं. पांढरी काठी घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि फोन हातात तयार होता. याआधीही त्या अशा टेस्टिंगला जाऊन आल्या होत्या, त्यामुळे पर्सोना म्हणजे वापरणाऱ्यांचा नमुना म्हणून कार्डावर उभा केलेला कल्पित माणूस, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"आहे ना," मी म्हणाले. मला त्याचा अभिमान होता. रुग्णालयात डॉक्टरांची वेळ घेण्यासाठीचं अ‍ॅप आम्ही करत होतो, आणि भिंतीवरच्या पाच पर्सोनांत एक तरी अंध व्यक्ती असावी म्हणून मी दोन महिने भांडले होते.

"मग वाचून दाखवा की."

मी कार्ड भिंतीवरून काढलं आणि वाचलं. वय ३४. जन्मतः अंध. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) वापरते. ध्येय: कोणाच्याही मदतीशिवाय डॉक्टरांची वेळ घेता यावी. अडचण: लेबल नसलेली बटणं, म्हणजे ज्यांचं नाव स्क्रीन रीडरला सांगता येत नाही अशी.

"फोटो आहे?"

"आहे."

"काळा चष्मा घातलाय?"

"हो."

"आणि हातात काठी."

"हो."

त्या रागावल्या नव्हत्या. जरा वेळ थांबून म्हणाल्या, "बाकीच्या चौघांचं काय लिहिलंय?" मी चारही कार्डं वाचली. एक रात्रपाळी करणारी आई, एक गर्भवती शिक्षिका, एक निवृत्त गृहस्थ, आणि दूर राहून आईवडिलांच्या औषधपाण्याचं बघणारा मुलगा. त्या मुलाच्या कार्डावर आम्ही बरंच लिहिलं होतं. तो बैठकांच्या मधल्या वेळात घाईघाईने बुकिंग करतो, आईची फाईल कुठल्या नंबरवर आहे हे दर वेळी विसरतो, भावाला विचारल्याशिवाय दिवस ठरवत नाही.

"हे कार्ड माझं," त्या म्हणाल्या. "मी स्वतःसाठी वर्षातून एकदा डॉक्टरकडे जाते. आईसाठी महिन्यातून दोनदा."

माझ्या हातात दोन कार्डं होती आणि समोर एकच बाई. दुसऱ्याची काळजी घेणारी व्यक्ती अंध असू शकते, हे दोन महिन्यांच्या भांडणात माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. आमच्या भिंतीवर अंध बाईला फक्त अंधत्व होतं. बाकी सगळं, म्हणजे घाई, आई, भाऊ, विसरभोळेपणा, आम्ही डोळस लोकांना वाटून टाकलं होतं.

पर्सोनाची कल्पना मुळात चांगली आहे, हे इथेच सांगून ठेवते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॉफ्टवेअर डिझायनर अ‍ॅलन कूपर यांनी ती लोकांपुढे आणली. त्यांची तक्रार होती ती रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या 'युजर'बद्दल. बैठकीत जो तो आपल्या सोयीप्रमाणे युजरला ताणतो. काम वाचवायचं असेल तेव्हा युजर हुशार असतो, जादा सूचना घुसवायच्या असतील तेव्हा अडाणी. त्याऐवजी प्रत्यक्ष संशोधनातून एक ठाशीव माणूस उभा करा आणि त्याच्यासाठी डिझाइन करा, असं त्यांचं म्हणणं. पण त्यातली 'प्रत्यक्ष संशोधनातून' ही अट आपण सोडली, की उरतात ती नाव आणि फोटो चिकटवलेली आपलीच गृहीतकं. आमची चार कार्डं मुलाखतींमधून आली होती. पाचवं कार्ड मी एका संध्याकाळी मार्गदर्शक तत्त्वं वाचून लिहिलं होतं.

तर टेस्टिंग सुरू झालं.

बाईंनी फोनचा आवाज स्पीकरवर घेतला. सरावलेली माणसं स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतात की नवख्या कानाला शब्द सुटे कळतच नाहीत, एक सलग खरखर ऐकू येते. त्यांची बोटं स्क्रीनवरून सरकत होती. पुढच्या घटकावर जायला एक स्वाइप, निवडायला दोनदा टॅप. दिवस निवडला, वेळ निवडली, फॉर्म उघडला. आमच्याकडे वेळ निवडली की ती पाच मिनिटं तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. तेवढ्यात फॉर्म भरून, ओटीपी टाकून बुकिंग पक्कं करायचं. फॉर्ममध्ये अकरा रकाने होते आणि खाली संमतीचा लांबलचक मजकूर. ओटीपी पेशंटच्या नंबरवर जातो, म्हणून पेशंटचा फोन समजून एक दुसरा फोन मी माझ्याजवळ ठेवला होता. त्यावर आलेले आकडे मी वाचून दाखवले, त्यांनी टाकले. बुकिंग झालं. चार मिनिटं पुरी व्हायच्या आत.

मी वहीत बरोबरची खूण केली. लेबलं नीट, क्रम नीट, चूक झाली की तसा संदेश ऐकू येतो. ऑडिटमध्येही आम्ही यात पास होतो.

शेजारच्या खोलीत बसून डेव्हलपर आणि प्रॉडक्ट मॅनेजर हे सगळं स्क्रीनवर पाहत होते. त्यांचा मेसेज आला, काहीच कळलं नाही, पुन्हा करायला सांग, हळू. मी बाईंना विचारलं, "आवाज थोडा हळू कराल का? आमच्या लोकांना कळावं म्हणून."

"करते की."

त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन वेग पार खाली आणला, नवीन फोनमध्ये असतो तेवढा. आता प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. "पेशंटचं पूर्ण नाव. मजकुराचा रकाना. अनिवार्य. संपादित करण्यासाठी दोनदा टॅप करा." मग पुढचा रकाना, मग त्याच्या पुढचा. पहिली दोन मिनिटं मी नोंदी घेत होते. नंतर माझं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. आठव्या रकान्यात त्या आईच्या फाईलचा नंबर टाकत असताना फोन बोलला, तितक्याच शांतपणे, तितक्याच हळू:

"तुमची वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा."

भरलेलं सगळं गेलं होतं. खोलीत कोणी बोललं नाही.

"माझी नजर गेली त्याला वीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मी वेगाने ऐकते, म्हणून निभावतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची दृष्टी गेल्या वर्षी गेली. ते आत्ता कुठे स्क्रीन रीडर शिकताहेत. ते याच वेगाने ऐकतात, आत्ता तुम्ही ऐकलंत त्याच."

मी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. 'जन्मतः अंध. स्क्रीन रीडर वापरते.' दोन वाक्यांत मी दोन माणसं पुसून टाकली होती, एक समोर बसलेली आणि एक तिच्या ओळखीची. या दोघांना एकच निदान आहे, पण अ‍ॅपपुढे त्यांच्यात साम्य फार थोडं. नवशिकं असणं ही गोष्ट डोळ्यांपेक्षा मोठी ठरत होती.

आमचं म्हणजे माझं टेस्टिंग तिथे संपलं होतं, पण बाईंचं नव्हतं. "तो ओटीपी तुम्ही वाचून दाखवलात," त्या म्हणाल्या. "घरी तो आईच्या फोनवर जाणार ना? मग मी आईला फोन करणार. तिला ऐकू कमी येतं. मेसेज कुठे उघडायचा ते तिला दर वेळी सांगावं लागतं. ती चष्मा शोधणार. सहा आकडे वाचणार, त्यात एखादा चुकणार. ओटीपी किती वेळ चालतो?"

"नव्वद सेकंद."

त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मीही नाही.

दुपारी आम्ही चौघे बसलो. प्रॉडक्ट मॅनेजरने तोच प्रश्न विचारला जो अशा प्रत्येक बैठकीत येतो, असे युजर किती? मी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगितला. जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो. त्यावर तो म्हणाला, पण आपला सरासरी युजर तसा नाही. मला त्याचा राग आला नाही, कारण भिंतीवरची मुख्य कार्डं आम्ही सर्वेक्षणातल्या सरासरीवरूनच नीटनेटकी केली होती.

मग मी त्यांना अमेरिकन हवाई दलाची गोष्ट सांगितली. १९५० मध्ये तिथे चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली गेली, कॉकपिट सरासरी माणसाला बेतायचं म्हणून. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं घेतली, उंची, छाती, हाताची लांबी वगैरे, आणि सरासरीच्या आसपासचा बऱ्यापैकी ऐसपैस पट्टा आखून पाहिलं, की दहाही मापांत त्यात बसणारे वैमानिक किती. ४,०६३ पैकी एकही नाही. सरासरी माणसासाठी केलेलं कॉकपिट कोणालाच बसत नव्हतं. पुढे हवाई दलाने सरासरीचा नाद सोडला आणि मागेपुढे, वरखाली होणाऱ्या आसनांचा आग्रह धरला.

डेव्हलपर बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "पाच मिनिटं हा आकडा आला कुठून?"

कोणालाच आठवेना. जुने मेसेज चाळले. त्यालाच सापडलं. पहिल्या प्रोटोटाइपच्या वेळी काहीतरी आकडा हवा म्हणून त्यानेच पाच टाकला होता, तात्पुरता. नव्वद सेकंदांचंही तेच, कुठल्याशा तयार कोडमधून जसेच्या तसे आलेले. ज्या आकड्यांमुळे कोणाचं बुकिंग होणार आणि कोणाचं नाही हे ठरत होतं, ते आकडे कोणी ठरवलेच नव्हते.

नियमाने बघायचं तर आम्हाला कदाचित निसटता आलं असतं. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीची जी (अपंगांनाही वापरता यावं म्हणून) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत वेळेच्या मर्यादेबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. मुदत बंद करता यावी, बदलता यावी, नाहीतर संपण्याआधी सूचना देऊन किमान २० सेकंद द्यावीत आणि एका साध्या कृतीने ती निदान दहा वेळा वाढवता यावी. पण मुदतीशिवाय ते कामच होऊ शकत नसेल तर सूट आहे. एकाने अडवून ठेवलेली वेळ दुसऱ्या पेशंटला मिळत नाही, हा प्रॉडक्ट मॅनेजरचा मुद्दा खोटा नव्हता. ती वेळ ज्याला मिळत नाही तोही आजारीच असतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. राखलेली वेळ सुटली तरी भरलेला फॉर्म राहतो, फक्त वेळ पुन्हा निवडायची. आणि फॉर्म वेळ निवडण्याच्या आधी आणला, म्हणजे मुदत सुरू होते तेव्हा काम जवळजवळ संपलेलं असतं. मुदत संपायच्या आधी सूचना येते आणि एका बटणाने ती वाढते. ओटीपीचा गुंता सोडवायला जास्त दिवस लागले. शेवटी असं केलं, की पेशंटने एकदा संमती दिली की काळजी घेणाऱ्याच्या स्वतःच्या नंबरवर ओटीपी येतो आणि तो टाइप न करता आपोआप भरला जातो. ही संमती पेशंटला हवी तेव्हा काढून घेता येते. ही अट मात्र मी सोडली नाही, कारण काळजी घेणारा प्रत्येक जण भल्यासाठीच फोन हातात घेतो असं नाही.

कार्डांचं काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाचवं कार्ड काढून टाकलं. पाचही फोटो काढले. उरलेल्या चार कार्डांवर फक्त माणसाची भूमिका, त्याचं काम, त्याची घाई, त्याची माणसं. आणि वेगळ्या पारदर्शक पट्ट्या केल्या. स्क्रीन रीडर, वीस वर्षांचा सराव. स्क्रीन रीडर, तीन आठवडे. हात थरथरतो. ऐकू कमी येतं. वाचायला वेळ लागतो. घरात फोन एकच. कुठलीही पट्टी कुठल्याही कार्डावर बसते. गर्भवती शिक्षिकेला ऐकू कमी येऊ शकतं, दूरच्या मुलाचा हात थरथरू शकतो. पट्ट्यांचा नियम एकच, तसं जगणाऱ्या निदान एका माणसाशी आपण बोललेलो नसू तर ती पट्टी करायची नाही. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे दोनच पट्ट्या होत्या, दोन्ही बाईंमुळे मिळालेल्या. त्यातही दुसरी आम्ही त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांना फोन करून बोलल्यावरच लावली.

एका सहकाऱ्याने तेव्हा सुचवलं होतं, आपण सगळे डोळ्यांवर पट्टी बांधून एक दिवस अ‍ॅप वापरू. मी नको म्हणाले. पट्टी बांधल्यावर आपल्याला कळतं ते पहिल्या तासाचं घाबरणं. वीस वर्षांचं कसब त्यात कुठेच दिसत नाही, आणि मग आपण कीव घेऊन बाहेर येतो. मायक्रोसॉफ्टच्या इन्क्लुझिव्ह, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणाऱ्या, डिझाइनमधली मांडणी प्रसिद्ध आहे, एक हात नसलेला माणूस, हात प्लास्टरमध्ये असलेला, आणि कडेवर बाळ असलेला. कायमचं, तात्पुरतं, प्रसंगापुरतं. बैठकीत पैसे मंजूर करून घ्यायला ती फार उपयोगी पडते आणि मी ती वापरते. पण बाळ खाली ठेवता येतं, हे मी दर वेळी सोबत सांगते.

तीन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी भिंतीबद्दल विचारलं नाही, मीच सगळ्या पट्ट्या वाचून दाखवल्या. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. 'ऐकू कमी येतं' एवढं पुरेसं नाही, ऐकू कमी येतं आणि ते कबूल करायचं नसतं, अशीही एक पट्टी हवी. आईशी बोलायची तयारी आहे, असंही म्हणाल्या.

मग फोन काढला. त्यांच्या नेहमीच्या वेगात बुकिंग झालं, दोन मिनिटांच्या आत. मी वहीत काही लिहिलं नाही, वाट पाहत राहिले. त्या सेटिंगमध्ये गेल्या, आवाजाचा वेग खाली आणला, अगदी खाली, आणि म्हणाल्या, "आता पुन्हा पहिल्यापासून."