लायसन्स साफसफाई: नुसतं ‘जीपीएल’ म्हणजे कुठलं?

सी भाषेतल्या जुन्या लायब्ररीतल्या प्रत्येक फाइलीचं लायसन्स नक्की कुठलं ते ठरवून तशी नोंद घालायचं काम चाललंय. सरळ फायली उरकल्या. आता उरल्यात त्या हट्टी.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं पार्सरच्या फाइलीने. वर कमेंट एवढीच: ‘लायसन्स: जीपीएल’. जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स, त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, पण इथे आवृत्तीचा पत्ता नाही. लायब्ररीच्या मुख्य फोल्डरात जीपीएल 2 चा, म्हणजे 1991 चा मजकूर ठेवलेला, त्यामुळे ‘2 ओन्ली’ (फक्त 2) लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्याच मजकुराचं कलम 9 म्हणतं, की प्रोग्रॅमने आवृत्ती सांगितलेली नसेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने काढलेली कुठलीही आवृत्ती निवडा. कोडमधली लायसन्स शोधणारं स्कॅनकोड हे टूलही अशी नोंद ‘जीपीएल 1 किंवा पुढची’ अशीच धरतं. लिनक्स कर्नलवाल्यांनी 2017 मध्ये नोंद नसलेल्या फायलींना थेट जीपीएल 2 चा टॅग लावला खरा, पण त्यांच्या लायसन्स-फाइलीत लिनक्सच्या जनकाची, म्हणजे लिनस टोरवाल्ड्सची ‘हीच आवृत्ती’ अशी स्पष्ट टीप होती. आपल्याकडे तसलं काही नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. अपाची 2.0 या दुसऱ्या मुक्त लायसन्सचा कोड जीपीएल 3 सोबत चालतो. फाउंडेशनच्या मते ‘फक्त 2’ सोबत नाही. आणि आपलं पुढचं मॉड्यूल नेमकं अपाचीचं आहे.

मग कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लॉगला ‘फॉलो’ पर्याय लावून फाइलीचं नाव बदलण्याआधीचा इतिहास उकरला. तिथे मूळ लेखकाची पूर्ण नोंद सापडली: ‘आवृत्ती 2, किंवा तुमच्या मर्जीने पुढची कुठलीही’. नंतर कुणीतरी ‘हेडर नीटनेटके केले’ म्हणत ती एका ओळीवर आणली. या गृहस्थांची त्या फाइलीत कोडची एकही ओळ नाही, तेव्हा लायसन्स आखडण्याचा हक्कही नाही. जुनी नोंद जशीच्या तशी परत आणली, वर एसपीडीएक्सची (लायसन्सच्या नावांची प्रमाणित पद्धत) ‘जीपीएल-2.0-ऑर-लेटर’ ओळ घातली आणि कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मजकुरात जुन्या कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) दिला. मूळ नोंद कधीही पुसू नका मंडळी, टॅग तिच्या जोडीला असतो.

बीएसडी या बर्कली विद्यापीठातून आलेल्या लायसन्सच्या फायली पटापट झाल्या, कलमं मोजली की प्रकार कळतो. अडली फक्त चार कलमांची एक. बर्कलीने जाहिरातीचं कलम (जाहिरातीत श्रेय द्या, असं सांगणारं) 22 जुलै 1999 ला काढलं ते विद्यापीठाच्या स्वतःच्या कोडपुरतं. इथे मालक म्हणून एका खाजगी व्यक्तीचं नाव आहे. त्यामुळे ते कलम कायम, आणि जीपीएलसोबत ते जमत नाही. फाइल बाहेर काढावी लागणार.

राहिली ती ‘अटींसाठी लायसन्स फाइल पाहा’ लिहिलेली फाइल, जिची लायसन्स फाइल रेपोत कधी आलीच नाही. तिला सध्या ‘नोअसर्शन’, म्हणजे ‘लायसन्स सांगता येत नाही’, असा टॅग. लेखकाला मेल टाकलाय. उत्तर नाही आलं तर आत नुसती सीआरसीची (डेटातल्या चुका पकडायच्या पद्धतीची) तालिका आहे, तिच्या पॉलिनोमियलवरून (गणिती सूत्रावरून) नव्याने तयार करून टाकेन.