खुडूक तांबडी आणि पुढचा गुरुवार

आमची तांबडी कोंबडी एकोणचाळीस दिवस खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली. कोंबडी एकवीस दिवस बसते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. वरचे अठरा दिवस कुणाच्या कृपेने बसावं लागलं, ते मनातून जात नाही म्हणून लिहायला घेतलं.

सुरुवातीची चूक माझीच. कोंबडा मुंगसाने नेऊन तीन आठवडे झाले होते, तरी मी त्यानंतरचीच अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. कोंबडा गेल्यावर आठ-दहा दिवसांची अंडी चालतात, पुढे भरवसा नसतो. आठव्या रात्री अंधारात एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरलं. रुजलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. माझी दहा अंडी काचेसारखी स्वच्छ आणि एकात नुसतं रक्ताचं कडं, म्हणजे धरून मेलेलं. आत्याबाई म्हणाल्या, "उठव तिला. पाण्यात बुडव, नाहीतर नाकात पीस घाल." त्यांच्या वेळची रीत तीच. मला ते जमेना. म्हटलं, बसलीच आहे तर विकतची एक दिवसाची पिल्लं आणून तिच्याखाली सरकवू.

दुसऱ्या दिवशी हॅचरीला फोन केला. नाव लिहीत नाही. "येत्या नाही, पुढच्या गुरुवारी देतो," म्हणाले. हिशोब केला तर तो तांबडीचा अठरावा दिवस येत होता. याहून चांगलं काय हवं! शंभराच्या खाली पिल्लं देत नाहीत, म्हणून बचत गटातल्या बायकांना गोळा केलं, नऊ जणींनी वाटून घ्यायचं ठरलं, पैसे भरले, फॉर्म भरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. नासकी अंडी फुटली तर सगळी पाटी घाण होते, म्हणून ती काढून नदीतले सहा गुळगुळीत गोटे ठेवले. तांबडीने चोचीने ते पोटाखाली ओढून घेतले आणि डोळे मिटले.

पहिल्या गुरुवारी फोन आला नाही. मीच केला. "लाईट गेली होती ताई, पिल्लं कमी निघाली. मोठ्या ऑर्डरी आधी द्याव्या लागतात. पुढच्या गुरुवारी."

बरं, एक आठवडा. पंचविसाव्या दिवशी "पेटी एसटीत टाकलीय" असा निरोप मिळाला. हे दुपारी दोनपासून साडेसहापर्यंत स्टँडवर उभे. तीन गाड्या आल्या, पेटी नाही. संध्याकाळी कळलं, ती पेटी दुसऱ्याच तालुक्यातल्या कुणाची तरी होती.

इकडे तांबडी वाळत चाललेली. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. भसाभसा खाते, पाणी पिते, मुठीएवढी घाणेरडी शीट टाकते आणि परत बसते. एवढ्यावर ती तीन आठवडे काढते, पण पुढे अंगातलं मांस जळायला लागतं. बसली तेव्हा भाजीच्या काट्यावर एक किलो आठशे भरली होती, तिसाव्या दिवशी दीड किलोच्याही खाली. छातीचं हाड हाताला टोचायला लागलं, तुरा फिका पडला. मग मी रोज सकाळी तिला उचलून बाहेर ठेवायची, कणी आणि ताकात कालवलेला भात समोर ठेवून खाईपर्यंत राखण बसायची. पंखाखाली उवा झाल्या होत्या, त्यासाठी चुलीची चाळलेली राख पसरली, त्यात लोळली की मोकळी व्हायची. हे सगळं आधीपासून करायला हवं होतं, पण मला कुठे माहीत होतं की इतकं लांबणार आहे.

बत्तिसाव्या दिवसाचं कारण तर ऐकाच. "फॉर्म अपुरा आहे. जात चुकलीय." फॉर्ममध्ये 'जात' असा रकाना होता आणि तो भरला होता ह्यांनी. ह्यांनी त्यात सरळ आपली जात लिहिली होती! तिथे गिरिराज, वनराज, कडकनाथ यातलं एक लिहायचं होतं. मान्य, आमची चूक. पण हे तुम्हाला तीन आठवड्यांनी दिसलं? तोवर त्या अर्जावर खुडूक बसला होता काय? मी फोनवर हे शब्दशः बोलले. पलीकडून हसू आलं आणि "पुढच्या गुरुवारी नक्की." आत्याबाई रोज एकदा विचारायच्या, "आली का गं तुझी पोरं?" आणि मला रडू यायचं.

एकोणचाळिसाव्या दिवशी पेटी आली. पुठ्ठ्याची, भोकांची, आत चार खण, खणात पंचवीस. तीन मेलेली होती. अंड्यातून निघताना पोटात घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरतं, म्हणूनच ती अशी प्रवासाला जातात. आल्या आल्या प्रत्येकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवली. माझी बारा वेगळी काढून बल्बखाली ठेवली. हो, बल्बची पेटी आधीच तयार ठेवा, कोंबडीने नाकारलं तर रात्री धावाधाव होते. आणि पिल्लं तीन दिवसांपेक्षा मोठी घेऊ नका. ती बल्बलाच आई समजून बसतात, मग कोंबडीच्या पंखाखाली जात नाहीत.

ज्याची भीती होती ते काम चाळीस मिनिटांत झालं. रात्री नऊला, दिवा न लावता, फोनवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून गेले. हाताचा मागचा भाग वर ठेवून, मुठीत पिल्लू धरून मागच्या बाजूने पोटाखाली सरकवलं आणि येताना एक गोटा बाहेर काढला. तिने मनगटावर दोन टोचे दिले. आधी दोनच पिल्लं, मग पाव तास थांबून कान लावला. गुरगुर थांबली आणि आतून एक बारीक, घशातला आवाज यायला लागला, कुक्, कुक्. असा आवाज तिने महिनाभरात एकदाही काढला नव्हता. मग उरलेली दहा.

खरी परीक्षा उजाडताना असते, तेव्हा तिथे हजर राहा. मी पाचलाच पायरीवर बसले होते. तांबडी उठली, एक पिल्लू तिच्या पाठीवरून घरंगळलं. तिने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. माझा हात डाल्यावर. मग तिने कणीचा एक दाणा उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला, टुक टुक टुक करत. बाराही धावली.

पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. पिल्लांचं खाद्य आईने खाल्लं तर चालतं. सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस, डोळ्यात एक थेंब. शंभर डोसांची बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही नऊही घरांनी एकाच सकाळी लस केली. लस थंड राहावी म्हणून बर्फ मासेवालीकडून आणला.

बारातली दोन घारीने नेली. दहा आहेत. तांबडीने सहाव्या आठवड्यात त्यांना टोचून दूर केलं आणि रात्री आढ्यावर जाऊन बसली. आता तुरा लाल झालाय, परवापासून पाटीत तासन्‌तास बसते. यावेळी शेजारच्यांचा कोंबडा पंधरा दिवसांपासून आमच्याकडे मुक्कामाला आहे.