सांध्याचा क्लब आणि साहेबांची ग्रिप

त्या सकाळी साहेब गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दोन बॅगा घेऊन आले. एका बॅगेत क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, दुसरीत गेल्या वर्षभराची खरेदी: मनगटाचा पट्टा, कोपर वाकू न देणारी पट्टी, टोकाला जड गोळा असलेली लवचिक काठी, क्लबने ठोकायची इम्पॅक्ट बॅग आणि भाच्याने अमेरिकेहून आणलेला सांध्याचा क्लब. "यातलं नेमकं काय वापरू ते सांगा, बाकीचं विकून टाकतो," म्हणाले.

मी कॅडी म्हणून, खेळाडूंच्या बॅगा उचलत, सुरुवात केलेला माणूस. आमच्या वेळी दिशा साधायला इलेक्ट्रिशियनचे दोन पीव्हीसी पाइप जमिनीवर टाकायचो, बस. आजही नवख्याने पहिल्यांदा तेवढंच घ्यावं. सोबत एक व्हाइटबोर्ड मार्कर. बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढला की तो फेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर, उमटतो, आणि क्लबच्या कुठल्या भागाने बॉल लागला यावर वाद उरत नाही. पण स्वस्त वस्तूवर कुणाचा विश्वास बसतो!

साहेबांना रोग एकच होता, स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जाणं. बॉल सुटतो मुख्यतः फेस जिकडे असेल तिकडे, आणि फेस स्विंगच्या वाटेपेक्षा उजवीकडे उघडा राहिला की वळतोही उजवीकडेच. फेस उघडा राहायचं कारण हातात होतं. ग्रिप, म्हणजे क्लबची रबरी मूठ, धरून वरून बघितलं की डाव्या हाताचे दोन-तीन नकल, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे, दिसायला हवेत. साहेबांचा जेमतेम एक. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझ्याआधी त्यांना शिकवणाऱ्या कोचनेही सांगितलं होतं. मी हात फिरवून द्यायचो, दोन बॉल सरळ जायचे, तिसऱ्याला हात परत जुन्या जागी. "असं धरलं की क्लब परका वाटतो हो."

गंमत म्हणून सांध्याचा क्लब हातात दिला. याच्या शाफ्टमध्ये बिजागरी असते. क्लब हिसक्याने मागे नेला किंवा वर पोचल्यावर घाईने खाली ओढला की दांडा तिथेच मोडल्यासारखा लोंबतो. मला ही वस्तू कधीच फारशी पटलेली नाही. पहिल्या दोन वेळा लोंबला. तिसऱ्या वेळी साहेबांनी सावकाश फिरवला आणि बॉल सरळ गेला. मग ओळीने सरळच.

साहेब खूश. "बघा, टेम्पोचा, लयीचा प्रॉब्लेम होता!"

मला ते पटेना. त्यांच्याच सेव्हन आयर्नने, म्हणजे बॅगेतल्या साध्या क्लबने, त्याच संथ लयीत मारायला लावलं. उजवीकडे. परत सांध्याचा, परत सरळ. मग मी तो क्लब उलटा धरून रबर चाचपलं. ग्रिप साच्यातली होती, अंगठा आणि बोटं बसायला खाचा पाडलेल्या. त्यात हात चुकीचा बसूच शकत नाही. कमाल बिजागरीची नव्हतीच.

साहेब लगेच म्हणाले, "मग हीच ग्रिप माझ्या ड्रायव्हरला, त्या लांब मारायच्या क्लबला, लावून द्या." तेच नेमकं करता येत नाही. नियमानुसार ग्रिपला हाताच्या आकाराचा साचा चालत नाही. तिच्या लांबीभर एक सरळ, किंचित उंच धार मात्र चालते. ती बोटांना लागते आणि हात कुठे ठेवायचा याची आठवण राहते. तशी ग्रिप बसवून दिली. आता ड्रायव्हर बराच आटोक्यात आहे, दमले की अजूनही हात सरकतो.

मला अजून एक कोडं सुटलेलं नाही. इतके दिवस तोंडाने सांगून, हात धरून जे झालं नाही, ते रबराच्या तुकड्याने एका सकाळी कसं झालं? बोटांना शब्द कळत नाहीत म्हणून, की फुकटच्या सल्ल्यापेक्षा डॉलरमध्ये घेतलेल्या वस्तूचं माणूस जास्त ऐकतो म्हणून? फुकट कसला म्हणा, माझी फी ते वेळेवर देतात.

बाकीचं सामान विकायचं राहून गेलं. उलट साहेबांनी क्लबात सगळ्यांना सांगितलं की बिजागरीने आपली स्लाइस गेली. त्यांच्या ग्रुपमधल्या दोघांनी लगेच तसला क्लब मागवलाही. साध्या ग्रिपचा, कारण तो थोडा स्वस्त पडतो.